जावयाचा सांजांव

बायबलमधला योहान हा कडक माणूस. अंगावर उंटाच्या केसांचं वस्त्र, कमरेला चामड्याचा पट्टा, खायला टोळ आणि रानातला मध. हा मुलगा दारूला शिवणार नाही, असं देवदूताने जन्माआधीच त्याच्या बापाला सांगून ठेवलं होतं. मोठेपणी तो यार्देन नदीत लोकांना बाप्तिस्मा देत राहिला, भावाची बायको ठेवल्याबद्दल हेरोद राजाला त्याने सुनावलं आणि त्यापायी शीर गमावलं. अशा विरक्त संताच्या वाढदिवशी गोव्यात फणस फोडतात, फेणी ओततात, डोक्यावर फुलापानांचे मुकुट चढवून विहिरीत उड्या मारतात आणि नव्या जावयाला उठता येणार नाही इतकं जेवू घालतात. संताला काय वाटत असेल ते तोच जाणे. सासूला मात्र फार बरं वाटतं.

हा सांजांव. दरवर्षी २४ जूनला येतो. गोव्याबाहेर तो माहीत असतो वर्तमानपत्रातल्या फोटोमुळे, आणि तो फोटोही दरवर्षी तोच: चिऱ्याची विहीर, हवेत पाय फाकलेला तरुण, भोवती ओलेचिंब दोस्त. विहिरीचा फोटो झकास येतो. स्वयंपाकघराचा येत नाही, म्हणून ते राहून जातं. पण ज्या घरात वर्षभरात लग्न झालं किंवा पाळणा हलला, त्या घराला सांजांव म्हणजे काय ते विचारा. उडी हा त्यातला दहा मिनिटांचा भाग. बाकीचा दिवस सासुरवाडीत जातो.

आधी हा वाढदिवस कसा, ते बघू. संतांचे सण सहसा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतात. त्या दिवशी संत स्वर्गात जन्मला असं चर्च मानतं. पृथ्वीवरचा जन्मदिवस साजरा होतो तो तिघांचाच: येशू, त्याची आई मरिया आणि हा योहान. कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. जखऱ्या आणि एलिझाबेथ हे म्हातारं, निपुत्रिक जोडपं. मूल होणार यावर विश्वास न ठेवल्याने जखऱ्याची वाचा जाते. एलिझाबेथची नातलग मरिया तिला भेटायला येते, तीही गरोदर. आणि तिचा आवाज कानी पडताच एलिझाबेथच्या पोटातलं बाळ आनंदाने उडी मारतं. पुढे मुलाच्या नावावरून नातेवाईक घोळ घालतात, बापाचंच नाव ठेवा म्हणून हटून बसतात, तेव्हा मुका जखऱ्या पाटीवर ‘योहान’ लिहितो आणि त्याची वाचा परत येते. बारशाला नातेवाइकांनी नाक खुपसायचं, ही रीत बरीच जुनी दिसते. विहिरीत उडी का, असं गोव्यातल्या कुठल्याही आजीला विचारलं तर ती ही पोटातली उडीच सांगते.

देवदूत मरियेकडे आला तेव्हा एलिझाबेथला सहावा महिना होता. म्हणून नाताळच्या सहा महिने आधी हा सण. युरोपात हे दिवस सूर्य उत्तरेच्या टोकाला पोचून माघारी वळण्याचे, त्यामुळे तिकडे सांजांव आगीचा. पोर्तुगालमधलं पोर्तो शहर २३ जूनची रात्र जागून काढतं: शेकोट्या, निखाऱ्यांवर सार्डिन मासे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर लसणीच्या फुलांचे दांडे नाहीतर प्लॅस्टिकचे हातोडे हाणणारी गर्दी. पोर्तुगीजांनी सण गोव्यात आणला खरा, पण इथे त्या सुमाराला आर्द्रा नक्षत्र लागलेलं असतं. चूल पेटायची मारामार, तिथे शेकोटी कुठली? विहिरी मात्र भरत आलेल्या. आगीचा सण गोव्यात येऊन पाण्याचा झाला तो, माझ्या मते, धर्मशास्त्रापेक्षा पावसामुळे.

तर सासुरवाडीबद्दल. मी गेलो ते घर बार्देसातलं, शिवोलीपासून फार लांब नाही. मंगलोरी कौलं, दर्शनी बाल्कांव म्हणजे बसायची ओसरी, मागे माडांचं भाट म्हणजे बाग आणि भाटात विहीर. धाकट्या मुलीचं लग्न जानेवारीत झालेलं. जावई आमच्या सांगलीकडचा, द्राक्षबागेच्या घरातला, पुण्यात नोकरीला, मुलगीही तिथेच. लग्न चर्चमध्येही झालं आणि सांगलीला कार्यालयात अक्षता टाकूनही. मी त्याच्याकडचा पाहुणा. घरच्या बाईंना सगळा वाडा आंटी म्हणत होता, म्हणून मीही.

आंटीची तयारी बरीच आधी सुरू झाली होती. मे महिन्यातच पावसाळ्याची बेगमी भरायची असते, तिला तिकडे पुरमेंत म्हणतात: सुकी सुंगटं, खारे बांगडे, आमसुलं, मिठाच्या पाण्यात घातलेल्या कैऱ्या, मिरच्या, कांद्याच्या माळा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरना समुद्रात जायला बंदी, त्यामुळे ज्या प्रदेशात माशाशिवाय पाहुणचार होत नाही तिथे जावयाचा सण येतो तोच माशांच्या दुष्काळात. या अडचणीतून जे जेवण तयार झालं आहे ते बघण्यासारखं आहे. सुक्या सुंगटांची खोबरं घालून किसमूर, डुकराच्या मटणाचं व्हिनेगरमधलं सोरपोतेल, ते पुसायला ताडीवर फुगवलेले तांदळाचे सान्नां. सोरपोतेल केल्या दिवशी खायचं नसतं. रोज एकदा गरम करून मुरवायचं, तिसऱ्या दिवसापासून त्याला चव येते. आंटीने ते २१ तारखेलाच करून ठेवलं होतं आणि ‘आज नाही’ म्हणून नवऱ्याला तीन दिवस झाकणापासून हाकललं होतं. जावई डुक्कर खात नाही असं विहिणीने फोनवर सांगितलेलं, म्हणून त्याच्यासाठी कोंबडीची शागुती. (जावई खातो. पण आईने तसं सांगितल्यावर तो बिचारा काय बोलणार? त्याने शागुतीच्या आडून सोरपोतेलही चापलं, आणि आंटीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.)

परसात हळदीला पानं फुटली होती. जून म्हणजे पान अजून लहान, पण आंटीने त्यातल्या त्यात रुंद पानं निवडली, तांदळाचं पीठ थापलं, आत गूळखोबरं घालून दुमडलं आणि उकडायला लावलं. पातोळ्या! नागपंचमीला आमच्या कोकणात होतात त्याच. सांजांवलाही होतात आणि १५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गारोहणाच्या फेस्ताला तर व्हायलाच हव्यात. वाफेबरोबर हळदीच्या पानाचा वास आला की स्वयंपाकघर कोणत्या धर्माचं ते सांगता येत नाही.

इथे थोडं मागे जाऊ या. गोव्यात इन्क्विझिशन १५६० ला आलं आणि १८१२ ला कायमचं गेलं. अ. का. प्रियोळकरांनी त्यावर लिहिलेलं पुस्तक मराठी अभ्यासकांना परिचित आहे. १७३६ साली या न्यायासनाने एक फर्मान काढून बाटलेल्या कुटुंबांच्या घरातल्या जुन्या रीती बंद करायला घेतल्या. अंगणात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालून मिरवू नये, लग्नात जुनी गाणी म्हणू नयेत, असं कलमामागून कलम. घरात काय शिजतं आणि सोयरे एकमेकांना काय देतात, इथवर नजर. एवढं करून जावयाचा मान काही त्यांना मोडता आला नाही. पहिल्या वर्षी जावयाला बोलवायचं, नवं नेसवायचं, गोड घालायचं, ही ओढ वाड्यावाड्यात होतीच. तिला आडोसा हवा होता. माझा अंदाज असा की तो या संताच्या नावाने मिळाला. पुरावा माझ्याकडे नाही, पण पोर्तोच्या सांजांवात हातोडे आहेत, जावई नाही. तो इथल्या मातीतून आला.

२४ ला सकाळी वाड्यावरच्या कपेलात मिसा झाली. परतल्यावर बाल्कांवात कोपेलं बांधायला सगळे बसले. कोपेल म्हणजे डोक्यावर घालायचा फुलापानांचा मुकुट. ते कसं होतं हे मी जवळ बसून पाहिलं. पावसाने नुकती फुटलेली लवचीक वेल डोक्याच्या मापाने वळायची, तीन वेढे. मग केळीचं सोपट भिजवून त्याचे धागे काढायचे आणि त्या धाग्यांनी वेलीवर क्रोटनची पानं, नेचे, जास्वंद, मिळतील ती रानफुलं एकेक करून आवळायची. मुलांची कोपेलं पाचदहा मिनिटांत झाली. जावयाचं आंटीच्या थोरल्या जावेने हातात घेतलं आणि कोणाला शिवू दिलं नाही. त्यात बिमलीचे घोस होते, जांभळं होती, मध्ये एक छोटा हिरवा अननस. वजन असं की जावयाची मान एका बाजूला झुकली. फोटो काढणाऱ्या मेव्हणीला ते फार आवडलं.

दहाच्या सुमारास पोरं आली. आधी लांबून घुमट ऐकू येतो. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा मातीचा घट, एका तोंडावर चामडं ताणलेलं. दुसऱ्या तोंडावर डावा हात उघडझाप करून आवाज मोठालहान करायचा. चामडं पूर्वी घोरपडीचं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिल्यावर वादक अडचणीत आले, हळूहळू बकऱ्याच्या कातड्यावर वळले, आणि २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. जुने वादक सांगतात की बकऱ्याला तो नाद नाही. पावसात तर कोणतंच चामडं ताठ राहत नाही. पोरांनी आल्या आल्या घुमट थेट आंटीच्या स्वयंपाकघरात नेले आणि गॅसच्या आचेवर धरून फिरवले. संताच्या सणात सासूच्या गॅसचं हे काम कोणी लिहीत नाही.

‘व्हिवा सांजांव!’ एकाने आरोळी ठोकली. ‘व्हिवा!’ सगळ्यांनी. मग गाणी. त्यातली निम्मी जागच्या जागी जुळवलेली, रोख सगळा नव्या जावयावर: सांगलीहून काय आणलंस, बेदाणे आणलेस की बाटली? रीत अशी की वाड्यावरच्या या टोळीला पहिल्या वर्षीचा जावई फेणीची बाटली आणि फळं देतो. काजूचा हंगाम मार्चपासून मेपर्यंत, त्यामुळे जूनमध्ये फेणी नवी असते. जावयाने बाटली दिली (ती सासऱ्याने आदल्या रात्री गुपचूप त्याच्या बॅगेत ठेवली होती), आणि बेदाणेही दिले, कारण ते त्याने खरोखरच आणले होते. गाणाऱ्याची पंचाईत झाली.

मग विहीर. काठाला रहाट, आत चिऱ्याचं बांधकाम, पाणी वरून हातभर खाली. सासरे एका कडेला दोर आणि गाडीच्या टायरची ट्यूब घेऊन उभे होते. त्यांचा एक नियम होता आणि त्यावर वाद चालत नव्हता: ज्याच्या पोटात दोन पेल्यांपेक्षा जास्त गेली आहे तो काठावर चढणार नाही. ज्याला पोहता येत नाही त्याच्या डोक्यावर कळशी उपडी करायची, तेवढ्याने संत समाधानी होतो. दारू आणि पाणी एकत्र आलं की काय होतं ते किनाऱ्यावरच्या लोकांना शिकवावं लागत नाही.

सगळ्यांना वाटत होतं की पुण्याचा जावई म्हणजे कळशीचा उमेदवार. मेव्हणीने कळशी भरूनही ठेवली होती. जावयाने चष्मा काढून बायकोकडे दिला, कोपेल सासूकडे दिलं, दोन पावलं मागे गेला आणि धावत येऊन काठावरून मुटका मारला. पाठीला भोपळा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेल्या पोराचा मुटका तो! गुडघे पोटाशी, हातांनी गच्च धरलेले. पाणी काठावर उसळलं ते सासऱ्यांच्या सदऱ्यापासून घुमटांपर्यंत सगळ्यांना भिजवून गेलं. गेले असतील ते घुमट पुन्हा गॅसवर. वाड्यावरची पोरं पायांवर सरळ उड्या मारणारी. त्यांनी हा प्रकार बघितला नव्हता. पुढचा अर्धा तास विहिरीत मुटक्याचं शिक्षण चाललं आणि गाणी राहून गेली.

जेवणाचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की आंटी वाढताना ‘पुता, आनीक इल्लें घे’ म्हणते तेव्हा त्या ‘इल्लें’चा, म्हणजे थोड्याचा, आकार वाढणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. ‘मम्मी, आता खरंच नको’ हे जावयाचं वाक्य कोणी ऐकल्याचं दिसलं नाही.

शिवोलीत दुपारनंतर होड्यांची मिरवणूक असते. शापोरा, बादें, आसगाव, हणजुण अशा भोवतालच्या गावांतले लोक सजवलेल्या होड्यांतून पाण्यावाटे शिवोलीच्या सांजांवच्या कपेलाशी येतात. आता त्याला मंडप, ध्वनिक्षेपक, बक्षिसं आणि पुढाऱ्यांची भाषणं आहेत. बघावी एकदा. पाच दिवसांनी, २९ जूनला, सांव पेद्रूचं फेस्त. त्या दिवशी कांदोळी, नेरूलकडे कोळी होड्या एकत्र बांधून त्यावर सांगोड करतात. एकूण तो पंधरवडाच पाण्यावरचा.

मला संध्याकाळ जास्त महत्त्वाची वाटली. दिवेलागणीला घरातल्या ओरातोरापुढे लदीन झाली. ओरातोर म्हणजे लाकडी नक्षीचं देवघर. आत सांत आंतोन, मरिया, येशूचं हृदय, कडेला घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो. शेजारून एक म्हातारे गृहस्थ व्हायोलिन घेऊन आले. लदीन म्हणजे मरियेच्या नावांची लांबलचक माळ, एकाने नाव घ्यायचं, बाकीच्यांनी विनवणी म्हणायची. आणि हे सगळं लॅटिनमध्ये. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चमधली उपासना लोकांच्या भाषेत आली, पण घरातल्या लदिनीला ते कोणी कळवलं नाही बहुधा. जमलेल्यांत लॅटिनचा एक शब्द येणारं कोणी नव्हतं, तरी दोन सुरांत, मधले चढउतार न चुकवता सगळं म्हटलं गेलं. आपल्याकडे रामरक्षा म्हणणाऱ्या किती जणांना संस्कृत येतं? लदीन संपल्यावर उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटले, मोठ्यांना घोट घोट. वाड्यावर त्या वर्षी जन्मलेलं एक बाळही आणलं होतं. त्याचाही हा पहिला सांजांव, म्हणून त्याच्या घरून सगळ्यांना फळं.

पण सकाळची ती गाणाऱ्या पोरांची टोळी पूर्वी जितकी घरं घ्यायची तितकी आता घेत नाही. कारण साधं आहे: घरं बंद आहेत. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. त्या पासपोर्टवर बार्देस-साष्टीतली कितीतरी कुटुंबं इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडनमध्ये, जाऊन राहिली. आखातात गेलेले वेगळेच. सासरे बाल्कांवात उभं राहून बोटाने दाखवत होते: हे कुलूप, ते कुलूप, त्या घरात फक्त म्हातारी. कुलपाच्या घरात विहीर असते, पण रीत म्हणून बोलावणारी सासू नसते. आणि बोलावणारं कोणी नसेल तर परक्याच्या भाटात शिरून उडी मारायची कशी?

ती गरज आता हॉटेलं भागवतात. तिकीट, मनगटाला पट्टी, निळा तलाव, डीजे आणि तयार कोपेल. त्यात काही वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पावसाळ्यात धंदा कोणाला नको? पण तिथे जावई कोण आणि कोणाचा, हे विचारणारं कोणी नसतं. मुंबईत याच्या उलट झालं होतं. धोबीतलावच्या जेर महालसारख्या इमारतींमध्ये गावागावांच्या कुडी होत्या, अजून काही आहेत. बोटीवर चढायला आलेले खलाशी, आचारी, वादक तिथे आपापल्या ट्रंका ठेवून राहत. तिथे भाट नाही, विहीर नाही, सासू तर नाहीच. पण गावच्या संताची वेदी होती, रात्रीचं तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकवायची सोय नव्हती, आणि गावच्या फेस्ताला लदीन होऊन पंगत बसायची.

रात्री पाऊस कोसळत होता आणि आंटी हिशेबाला बसली. हिशेब त्या दिवसाच्या खर्चाचा नव्हता. विहिणीने फोनवर तिला सांगितलं होतं की तिकडे पहिल्या दिवाळीला जावयाला बोलवतात, त्याला दिवाळसण म्हणतात.

‘म्हणजे काय काय करायचं?’ तिने मला विचारलं.

मी सांगितलं: पहाटे उटणं लावून आंघोळ, नवे कपडे, फराळ, आणि जमलं तर अंगठी.

‘सोन्याची?’

‘रीत तशी आहे. पण हल्ली…’

‘हल्ली काय? रीत म्हणजे रीत.’ तिने नवऱ्याकडे पाहिलं. ते ओला सदरा पंख्याखाली वाळत घालत होते.

‘आमचा संत बरा,’ ते म्हणाले. ‘बाटलीत भागवतो.’

आंटीने ते ऐकलं नाही. म्हापशाच्या सोनाराकडे शुक्रवारी गर्दी असते की गुरुवारी, आणि उटणं म्हणजे नेमकं कशाचं, हे ती मुलीला विचारत होती.